साबणाचे पिंप

मित्रांनो, मी एक जुने प्लास्टिकचे पिंप आहे आणि सध्या कुलपात बंद आहे. माझ्याभोवती जाड पारदर्शक कापड गुंडाळले आहे, झाकणावर सरकारी मोहोर आहे आणि दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी आहे. एखाद्या राजाच्या खजिन्यालाही एवढा बंदोबस्त नसेल! आणि माझ्या पोटात काय आहे म्हणाल, तर काही नाही. म्हणजे डोळ्यांना दिसेल असे काही नाही.

तुम्ही शाळेत फाटक्या पुस्तकाची, मोडक्या छत्रीची कहाणी ऐकली असेल. माणसांनी आम्हाला वापरले आणि मग अडगळीत टाकले, अशी त्या बिचाऱ्यांची तक्रार असते. माझी तक्रार उलटी आहे. मला अडगळीत टाकले याचा मला राग नाही. मला घरात घेतले, जवळ केले, माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाचे काय झाले ते मला सांगायचे आहे. बोलता बोलता मी चिडले तर सांभाळून घ्या. ज्याचा गळा केसाने कापला जातो, त्याला गोड बोलणे जमत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात फुगवायचे की झाले पिंप. आम्ही भावंडे दिवसाला शेकड्याने जन्माला येत असू. मी तेव्हा निळे होते. ठेंगणे, पोट सुटलेले आणि कमरेला दोन वळ्या. एक म्हातारा कारागीर प्रत्येकाच्या पोटावर थाप मारून आवाज ऐकायचा. माझ्यावर थाप मारून तो म्हणाला, "हे पिंप दोन पिढ्या बघेल. टिकाऊ माल आहे!"

टिकाऊ! हा शब्द मला इतका आवडला की मी तो मनातल्या मनात घोळवत बसले. तेव्हा मला कुठे ठाऊक होते की त्या कारखान्यात माझ्याहून टिकाऊ असे आणखी काही तयार होत होते आणि तेच आता माझ्या पोटात भरणार आहेत.

ते पिवळसर आणि घट्ट होते. भरणारे कामगार कोपरापर्यंत हातमोजे घालत, तोंडावर मुसके बांधत. भरून झाले की मी एका लांब टेबलाजवळ सरकले. तिथे लेबल चिकटवणाऱ्या बाई बसत. त्या दिवशी नवीन लेबलांचा गठ्ठा आला होता. जुन्या लेबलांची उरलेली चवड टेबलाखाली पडली होती. तिच्यावर हातमोज्याचे चित्र होते. नव्या लेबलावर हातमोजा नव्हता, त्याच्या जागी पाण्याचा एक गोल थेंब होता आणि तो थेंब चक्क हसत होता.

बाईंनी मान वर करून विचारले, "साहेब, यावरचा हातमोजा कुठं गेला?"

"बाई, आग विझवायचा फेस आहे तो. एक प्रकारचा साबणच म्हणा ना. साबणाला कुणी हातमोजे घालतं का?"

"मग आपली भरणारी पोरं का घालतात?"

"तुम्ही चिकटवा हो. वाचायचं काम वरची माणसं करतात."

बाईंनी लेबल माझ्या पोटावर लावले आणि त्यावरून तीनदा हात फिरवला. मला वाटले, माझे लाड चालले आहेत. आता वाटते, त्यांचा हात अडखळत होता. पण पोटावरचे लेबल पिंपाला स्वतःला वाचता येत नाही, मित्रांनो. ते नेहमी दुसऱ्याने वाचायचे असते. मी आपले छाती काढून ट्रकमध्ये चढले.

मी एका अग्निशमन ठाण्यात उतरले. तिथे दोन लाल गाड्या होत्या, आठ-दहा जवान होते, आणि मागे एक मोठे मैदान होते. गाडीचा पंप चालवणारे एक जवान होते. उंच, बडबडे, मिशीला पीळ देणारे. त्यांना सगळे पंपवाले म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. आम्हा पिंपांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ते आमची रोज सकाळी हजेरी घेत. "काय रे ढोल्यांनो, झोप झाली का?" असे म्हणत आणि प्रत्येकाला एकेक टपली देत.

माझ्या पोटातला द्रव पाण्यात थोडासा मिसळला की पांढराशुभ्र फेस होई. तो जळत्या तेलावर पांघरुणासारखा पसरे आणि आगीचा श्वास कोंडे. खोटे कशाला बोलू? कामाला तो पक्का होता. एकदा तेलाच्या गोदामाला आग लागली. साध्या पाण्याने ती आणखी भडकली, तेव्हा पंपवाल्यांनी आमच्या नळ्या जोडल्या. अकरा माणसे त्या गोदामातून चालत बाहेर आली. परत आल्यावर पंपवाल्यांनी काजळी लागलेल्या हाताने माझे पोट थोपटले. त्या दिवशी मला आपल्या जन्माचे सार्थक वाटले. आजही त्या अकरा माणसांची आठवण काढली की माझा राग थोडा वेळ गोंधळतो.

पण आगी काही रोज लागत नाहीत. सराव मात्र दर शनिवारी असे. मागच्या मैदानावर फेसाचे डोंगर उठत आणि वाऱ्याने हलत हलत मातीत जिरत. ठाण्यात त्या द्रवाला त्याच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. त्याचे नाव वीतभर लांब होते. सगळे त्याला 'साबण' म्हणत. ठाण्याच्या साहेबांनी लेबल वाचून दाखवले होते, "साबणासारखे निर्धोक, पाण्यात सहज मिसळते." झाले! मग साबणाने गाड्या धुतल्या जाऊ लागल्या, फरशा पुसल्या जाऊ लागल्या, वंगणाचे हात साफ होऊ लागले. ठाणे बघायला शाळेची मुले येत, तेव्हा जवान मुद्दाम फेस उडवत आणि मुले त्यात गळ्यापर्यंत बुडून ओरडत. एका शब्दाने केवढी कामे केली बघा. वीतभर नावाने हाक मारली असती तर कदाचित कुणी एकदा तरी विचारले असते, की बाबा, तू आहेस तरी कोण?

मी रिकामे झाले तेव्हा नियमाप्रमाणे मला परत पाठवायचे होते. पण कारखान्याने परत घेणे बंद केले होते. पंपवाल्यांचा माझ्यावर जीव. त्यांनी मला सायकलच्या मागे आडवे बांधले आणि घरी आणले. घर ठाण्यापासून चार गल्ल्या पलीकडे होते. पुढे दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात एक लहानशी विहीर आणि तिच्याभोवती दगडी कट्टा.

दारात त्यांची बायको उभी होती. कडेवर एक एवढीशी पोर. जन्मली तेव्हा चिमूटभर होती आणि पुढे सगळ्यांना चिमटे काढायची, म्हणून तिचे नाव पडले चिमटी.

"अहो, हे काय धूड आणलंत?"

"पिंप आहे. दोन पिढ्या टिकेल असं."

"कशाचं आहे पण?"

"साबणाचं."

"मग बरं. मेलं औषधाबिषधाचं असतं तर दारातच अडवलं असतं. साबणाचं पिंप काय, आतून धुतलेलंच म्हणायचं!"

दोघेही या विनोदावर खूप हसले. मीही हसले असते, हसता आले असते तर.

तरी चिमटीची आई स्वच्छतेच्या बाबतीत कडक बाई होती. पदर खोचून तिने मला विहिरीच्या कट्ट्यावर घेतले आणि धुवायला सुरुवात केली. माझ्या तळाशी, वळ्यांमध्ये, तोंडाच्या आट्यांमध्ये तो द्रव बराच उरला होता. पाणी घातले की फेस, हलवले की फेस, ओतले की फेस. पहिल्या दिवशी ती दमली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "याचा फेस तुमच्या बोलण्यासारखा आहे, संपतच नाही." तिसऱ्या दिवशी तिने माझ्यात डोके घालून नारळाच्या काथ्याने घासले. एवढा फेस वाया कशाला घालवायचा म्हणून तिने त्यात चादरी भिजवल्या आणि चिमटीलाही त्याच फेसात बसवून न्हाऊ घातले. पोर फेसाची टोपी घालून टाळ्या पिटत होती. चौथ्या दिवशी पाणी नितळ आले. आईने माझ्यात वाकून पाहिले आणि समाधानाने म्हणाली, "आता कसं आरशासारखं झालं!"

आणि ते चार दिवसांचे धुणे कुठे गेले? कट्ट्याच्या फटीतून, ओल्या मातीतून, हळूहळू विहिरीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, अशी म्हण आहे ना? आमच्या घरी उलटे झाले. पोहऱ्यातले आडात गेले आणि मग रोज आडातून पोहऱ्यात येत राहिले. त्या माउलीने मला जितके जास्त घासले, तितके जास्त विहिरीत उतरले. ती गचाळ असती तर बरे झाले असते, असे म्हणण्याची वेळ माझ्यावर यावी!

मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, चार विटांवर, मोठ्या ऐटीत उभे राहिले. पंपवाल्यांनी मला खाली एक तोटी बसवली. ठाण्यातला उरलेला रंग आणून मला आगगाडीसारखे नव्हे, आगीच्या गाडीसारखे लालभडक रंगवले. लेबलावरूनही रंग फिरवला. हसणारा थेंब रंगाखाली गेला.

चिमटी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या बाईंनी सांगितले, घरातल्या वस्तूंवर त्यांची नावे लिहून या. दुसऱ्या दिवशी दारावर खडूने 'दार' आले, भिंतीवर 'भिंत' आली आणि आजीच्या काठीवर 'काठि' आले. माझी पाळी आली तेव्हा मात्र तिने हट्टाने पांढरा रंग आणि ब्रश घेतला. जीभ बाहेर काढून, नाक माझ्या पोटाला टेकवून तिने लिहिले, 'पाणि'.

पंपवाले म्हणाले, "अगं, पाणीतला णी दीर्घ असतो."

आई म्हणाली, "राहू द्या हो. ऱ्हस्व पाण्याने काय तहान भागत नाही?"

ते ऱ्हस्व पाणि तसेच राहिले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी पदवी. रोज सकाळी पहिला तांब्या माझ्यातून भरला जाई. उन्हातून कुणी आले की आधी माझी तोटी उघडे. पाहुणे म्हणत, "तुमच्याकडचं पाणी किती गोड लागतं!" आई म्हणे, "विहीर घरची आहे, आणि पिंप मी स्वतः घासते." मी मनातून फुगून जाई. बावीस वर्षे मी त्या घराला पाणी पाजले. एक दिवसही गळले नाही, तडकले नाही, वास येऊ दिला नाही. मी माझे काम चोख केले, हेच तर माझे दुखणे आहे.

चिमटी मोठी झाली आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागली. अक्षर असे वळणदार की लोक पाटी वाचायला थांबत. तिची पहिली पाटी मी, हे ती सगळ्यांना कौतुकाने सांगे. पुढे छतावर स्टीलची टाकी आली, विहिरीवर मोटर बसली आणि माझी रवानगी अंगणाच्या कोपऱ्यात झाली. माझ्यात आधी कोळसा भरला, मग जुन्या चपला. मांजरीने दोनदा पिल्ले घातली. मी तक्रार केली नाही. म्हाताऱ्याने कोपरा धरावा, यात वावगे काही नाही.

त्याच सुमारास ठाण्यातल्या जुन्या जवानांपैकी एकामागून एक दोघे गेले. दोघांनाही मूत्रपिंडाचा कर्करोग. पंपवाल्यांच्या गळ्यातली ग्रंथी बिघडली आणि त्यांना रोज सकाळी गोळी सुरू झाली. "वय झालं, दुसरं काय!" असे म्हणून ते मिशीला पीळ देत. पण आता पीळ बसत नसे.

मग एक दिवस पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. त्या सरकारी प्रयोगशाळेतून आल्या होत्या. आजूबाजूच्या सगळ्या विहिरींचे पाणी त्या लहान बाटल्यांत भरून घेऊन गेल्या. महिन्याभराने परत आल्या तेव्हा चिमटीला सातवा महिना लागला होता. ती पायरीवर बसून ब्रश धूत होती.

तपासणीच्या बाई म्हणाल्या, "अजूनही पिण्याला विहिरीचं पाणी वापरताय का? आजपासून बंद करा. आम्ही टँकर पाठवू."

"का? गढूळ आहे का?" आईने विचारले.

"नाही, चांगलं नितळ आहे. पण त्यात कारखान्यात बनवलेली रसायनं आहेत. ती उकळून जात नाहीत, गाळून जात नाहीत. ऊन, माती, जंतू, कुणीच त्यांना मोडू शकत नाही. अंगात गेली की वर्षानुवर्षं निघत नाहीत."

"म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं?"

"इथे सुंभही जळत नाही, आजी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी वहीत पाहिले. "ठाण्याच्या मैदानातून थोडं थोडं सगळ्याच विहिरींत आलंय. पण तुमच्या विहिरीत शेजाऱ्यांच्या कितीतरी पट आहे. ते काही आम्हाला समजत नाही. या विहिरीपाशी कधी काही सांडलं होतं का? ठाण्यातला फेसबिस?"

पंपवाले खुर्चीत बसले होते. माझ्याकडे त्यांची नजर आली आणि झटकन परत गेली.

"नाही," ते म्हणाले. "तसं काही आठवत नाही."

मित्रांनो, पस्तीस वर्षे ज्या माणसाने रोज माझ्याशी गप्पा मारल्या, त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा खोटे बोलताना ऐकले. पण मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. सातव्या महिन्यातल्या मुलीसमोर काय सांगायचे होते त्यांनी? की हे विष मी सायकलला बांधून घरी आणले? की मी हसत हसत आणले?

बाई गेल्यावर चिमटीने हातातला ब्रश खाली ठेवला. "पाण्याच्या बाटल्या नेल्या तेव्हापासून मनात होतं, म्हणून डॉक्टरांना विचारलं मी परवा," ती म्हणाली. "बाळ वजनाला जरा कमी आहे. मी म्हटलं, पाण्यामुळे का? तर म्हणाले, त्याच्यामुळेच असं छातीठोक सांगता येत नाही, आणि नाही असंही सांगता येत नाही." मग तिला रडू फुटले. "आई, मीच केलं असणार हे. दहा वर्षं रंगाचे डबे मी याच कट्ट्यावर धुते. माझ्याच हाताने माझ्या बाळाला..."

"गप्प बस, काहीतरी बोलू नकोस," आई म्हणाली.

पंपवाले दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते अंगणात आले. माझ्यातल्या चपला त्यांनी बाहेर काढल्या, मला आडवे केले आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याने माझ्या पोटावरचा लाल रंग खरवडायला लागले. आवाज ऐकून मायलेकी बाहेर आल्या.

"बाबा, काय करताय उन्हात?"

"डबे तुझे नव्हेत," ते मान वर न करता म्हणाले. "रंगाच्या डब्यांनी नाही झालं. हे पिंप फेसाचं होतं. मी आणलं. ठाण्यातून. चार दिवस इथंच धुतलं आपण. बाईंना मी खोटं सांगितलं."

आईने तोंडावर हात घेतला. "अहो, पण मी धुतलं होतं. चांगलं चार दिवस धुतलं होतं मी!"

"तेच तर," पंपवाले म्हणाले आणि चमचा हातातून खाली पडला.

उन्हात चिमटीचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्यासमोर जड अंगाने खाली बसली. रंगाखाली लेबलाचा तुकडा दिसत होता. तिने चमचा उचलला आणि स्वतः खरवडू लागली. हलक्या हाताने, अक्षराला धक्का न लावता, जशी ती जुन्या पाट्या साफ करते. लाल रंगाने माझे लेबल पस्तीस वर्षे उन्हापावसापासून सांभाळून ठेवले होते. हसणारा थेंब बाहेर आला. मग ओळी आल्या आणि चिमटीने त्या मोठ्याने वाचल्या.

"साबणासारखे निर्धोक. पाण्यात सहज मिसळते. रिकामे झाल्यावर पिंप स्वच्छ धुऊन घरात कोणत्याही कामासाठी वापरता येईल."

तेव्हा मला पहिल्यांदा कळले मित्रांनो, की जन्मापासून मी अंगावर काय वागवत होते. मी खोटे बोलले नव्हते. खोटे माझ्यावर डकवले होते आणि मला माणसांच्या घरात पाठवले होते. ज्याने ते लिहिले, त्याने पंपवाल्यांना फसवले, आईला फसवले, आणि एका मुक्या पिंपाच्या तोंडून फसवले. हा घाव माझ्या प्लास्टिकला कधी भरून येणार नाही.

चिमटी उठली. पंपवाल्यांनी तिच्याकडे आशेने पाहिले.

"बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला कळतंय," ती म्हणाली. "पण परवा तुम्हाला माहीत होतं, आणि मी रडत असताना तुम्ही गप्प बसलात. थोडे दिवस माझ्याशी बोलू नका." आणि ती आत गेली. पंपवाले तिथेच, माझ्याशेजारी, जमिनीवर बसून राहिले.

चौकशी शाळेच्या सभागृहात झाली. मला टेम्पोतून नेले. चिमटीचे बाळ तेव्हा तीन आठवड्यांचे होते, हाताच्या ओंजळीत मावेल एवढे. कारखान्याकडून एक गृहस्थ आले होते. कपड्यांना इस्त्री होती, आणि बोलण्यालाही. ते म्हणाले, "झाल्या प्रकाराबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. परंतु रसायनाची रिकामी पिंपं घरात वापरू नयेत, एवढी गोष्ट तर कुणालाही समजते. आम्ही तशी शिफारस कधीही केलेली नाही."

सभागृहातल्या माना पंपवाल्यांकडे वळल्या. त्यांनी मान खाली घातली. चिमटीने बाळ आईच्या हातात दिले, मला फिरवून माझे पोट सगळ्यांसमोर आणले आणि पाटी वाचावी तसे खणखणीत आवाजात लेबल वाचले. शेवटच्या ओळीवर गृहस्थांची इस्त्री जरा मोडली.

"माझ्या बाबांना अक्कल नव्हती असं म्हणू नका," ती म्हणाली. "त्यांना वाचता येत होतं, एवढीच त्यांची चूक."

पंपवाल्यांनी डोळे पुसले. तिने त्यांच्या बाजूने बोललेले पहिले वाक्य ते होते.

मग तपासणीच्या बाईंनी एक पिवळा पडलेला कागद काढला. कारखान्याच्या स्वतःच्या डॉक्टरांनी साहेबांना लिहिलेले पत्र होते ते. फेस भरणाऱ्या कामगारांच्या रक्तात हे रसायन साठते आहे, ते बाहेर पडत नाही, काळजी घ्यावी. बाईंनी तारीख वाचली. मी मनात हिशेब केला. माझ्या जन्माच्या नऊ वर्षे आधीची तारीख होती ती. म्हणजे लेबलावरचा हातमोजा पुसून तिथे थेंब काढला, तेव्हा त्यांना सगळे ठाऊक होते!

सभागृहात गोंगाट झाला. गृहस्थ म्हणाले, त्या काळची परिस्थिती वेगळी होती, सगळे कागद बघावे लागतील, वेळ लागेल. तेवढ्यात चिमटीची आई उभी राहिली. ती कधी चार माणसांत बोललेली नव्हती. नातवाला छातीशी धरून तिने अगदी घरात विचारावे तसे विचारले.

"साहेब, मला एवढंच सांगा. मी ते पिंप चार दिवस धुतलं. काथ्यानं घासलं, हाताची सालं गेली. मग कशानं धुवायला पाहिजे होतं?"

गृहस्थांनी कागद चाळले. शेजारच्या माणसाच्या कानात काही विचारले. पाण्याचा घोट घेतला.

"सांगा ना," आई म्हणाली. "अजून धुईन मी."

मित्रांनो, असा साबणच नाही. आई तशीच उभी राहिली, शेवटी पंपवाल्यांनी तिला हाताला धरून खाली बसवले. चौकशी अजून चालू आहे. घरी टँकरचे पाणी येते. बाळाचे वजन हळूहळू भरते आहे. पुढे त्याला काय होईल, काही होईल की नाही, हे डॉक्टर आजही छातीठोक सांगत नाहीत. चिमटी बाबांशी बोलू लागली आहे, पण विहिरीकडे पाठ करून बसते.

मला पुरावा म्हणून या खोलीत आणले, तेव्हा एका कारकुनाने तिसरे लेबल आणले. 'दूषित. पाणी भरू नये.' तो ते नेमके 'पाणि' या पांढऱ्या अक्षरांवर चिकटवणार होता. चिमटी सही करायला आली होती. तिने त्याचा हात धरला.

"इथं नको," ती म्हणाली. "थोडं बाजूला लावा."

आता माझ्या पोटावर तीन लेबले आहेत. एक माझ्या जन्मदात्यांनी खोटे लावले. एक कारकुनाने खरे लावले. आणि मधले एका लहान मुलीने विश्वासाने लिहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मी असे म्हणणार नाही. मला जपू नका. माझी दया येऊन मला घरी नेऊ नका. पण मला टाकणार तरी कुठे? पुरले तर माती माझ्यातले घेईल, जाळले तर वारा घेईल. टिकाऊ म्हणून मी एके काळी फुशारले होते, त्याची ही शिक्षा. म्हणून एकच मागते. कुणी तुमच्या हातात काही देईल आणि म्हणेल, घ्या, साबणच आहे, तेव्हा त्या लेबल लावणाऱ्या बाईंनी विचारले तेच विचारा, की मग भरणाऱ्याच्या हातात हातमोजे का? त्यांना उत्तर मिळाले नव्हते. तुम्ही उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.

माझ्यापुरते म्हणाल, तर मला खजिना व्हायचे नव्हते, पुरावाही व्हायचे नव्हते. मला फक्त पाणि व्हायचे होते. ऱ्हस्व का होईना.